गाडी घ्यायची कुणासाठी?

मोटार ही वस्तू आमच्या घरात फार उशिरा आली. वडिलांची सायकल आणि अण्णाची जुनी लॅम्ब्रेटा, या दोन वाहनांवर आमच्या शहापुरातल्या घराचा संसार वर्षानुवर्षे चालला. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात निघाली. आमच्या गल्लीत ती पहिल्यांदा शिरली तेव्हा मोटार या शब्दाचा अर्थच बदलला. तोवर मोटार म्हणजे डॉक्टरांची किंवा सावकाराची. ती आपल्यासारख्यांचीही असू शकते, हे त्या इवल्याशा गाडीने शिकवले. पुढे १९९४ साली सुमो आली, २००२ साली स्कॉर्पिओ आली, २०१५ साली क्रेटा आली, आणि बघता बघता सारा गाव उंच गाड्यांतून हिंडू लागला. आता ज्याला त्याला एसयूव्ही हवी. लहान हवी, मध्यम हवी, मोठी हवी. आणि खिसा थोडा जड झाला की पुढचा प्रश्न उभा राहतो : चारचौघांची घ्यावी की श्रीमंतांची?

हा प्रश्न आमच्या घरात २०२३ साली उभा राहिला. मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक. घसारा आणि व्याज हे माझे रोजचे खाद्य. साहजिकच घरातल्यांनी तो माझ्या पदरात टाकला. त्याची हकीकत सांगावी असे वाटते, ती गाड्यांची माहिती व्हावी एवढ्याचसाठी नव्हे. हिशोब कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, हे त्या दोन महिन्यांत मला जितके कळले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते.

प्रथम अण्णाविषयी सांगायला हवे. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी सहावीत असताना वडील गेले. अण्णाने शिक्षण तिथेच थांबवले आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत साचे भरायला लागला. वाळू, कोळशाची भुकटी, तापलेले बीड आणि धूर यांत त्याची उमेदीची वर्षे गेली. माझी फी, माझी पुस्तके, एम. कॉम.ला असतानाचे माझे वसतिगृह, हे सारे त्या धुरातून आले. पुढे त्याने तीन लेथ घेऊन स्वतःचे वर्कशॉप काढले, मग लहानशी फौंड्री घातली. आज चाळीस माणसे त्याच्या हाताखाली पगार घेतात. बेळगावात ओतलेले लोखंड देशभरच्या पंपांत, व्हॉल्व्हांत, मोटारींत जाऊन बसते. त्यातले मूठभर अण्णाचेही असते.

अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी म्हणावे, "मास्तर, मला मर्सिडीज घ्यायची आहे," तर त्याला नको म्हणण्याचा अधिकार कुणाला? निदान मला तरी नाही. माझ्या पदवीचा एकेक कागद त्याच्या घामाने छापलेला आहे. त्यालाच काटकसरीचे धडे द्यायचे म्हणजे उपकारकर्त्याच्या पानातली पोळी मोजण्यासारखे झाले असते.

पण वहिनींना धास्ती वाटत होती. त्या एका संध्याकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजी, ह्यांना गाडी नको म्हणू नका. खरं काय घेतोय ते एकदा कागदावर मांडून दाखवा. मग घेऊ देत काय घ्यायचं ते." हे मला पटले. न्यायाधीश होण्यापेक्षा कारकून होणे केव्हाही सोपे.

कागदावर दोन गाड्या होत्या. एक मर्सिडीजची जीएलसी, डिझेलवर चालणारी. तिची नवी पिढी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आली होती. दुसरी महिंद्राची एक्सयूव्ही ७००, तीही डिझेलची, चारही चाकांना शक्ती पोचवणारी, सात आसनांची. पहिलीची शोरूममधली किंमत साडेचौऱ्याहत्तर लाख. दुसरीची, सर्वांत वरच्या प्रकारात, सव्वीस लाखांच्या आसपास. एकीच्या किमतीत दुसऱ्या पावणेतीन येतात. माझ्या परिचयाचे लोक म्हणाले, या दोन गाड्यांची तुलनाच होत नाही. मी म्हटले, होते की नाही ते आकडे सांगतील.

आकड्यांनी मात्र माझी गंमत केली. जीएलसीची लांबी ४७१६ मिलिमीटर, एक्सयूव्हीची ४६९५. फरक २१ मिलिमीटर, म्हणजे बोटभर रुंदीचा. गाडीची रुंदी दोन्हींची एकच, १८९० मिलिमीटर. आमच्या गल्लीतून समोरून दुधाची गाडी आली म्हणजे दोघींनाही सारखीच माघार घ्यावी लागणार. इंजिनाची ताकद एकीची १९७ अश्वशक्ती, दुसरीची १८५. चढावर ओढणारा जो जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो मर्सिडीजचा ४४० न्यूटन-मीटर आणि महिंद्राचा ४५०. म्हणजे त्या एका बाबतीत स्वस्त गाडीच किंचित पुढे! आणि दोन्ही गाड्या तयार कुठे होत होत्या? पुण्याजवळ चाकणला. एकाच औद्योगिक पट्ट्यातून निघून दोघी वेगवेगळ्या दाराने गावात शिरत होत्या : एक कापडाखाली झाकून, एक रांगेत उभी राहून.

अपघातातील सुरक्षिततेचेही असेच. एक्सयूव्हीला २०२१ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले होते. मोठ्यांच्या रक्षणासाठी सतरापैकी १६.०३ गुण. जीएलसीला २०२२ साली युरो एनकॅपचे पाच तारे. या दोन परीक्षा वेगळ्या, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे. युरोपातली परीक्षा अधिक कठीण, म्हणून तारे सारखे दिसले तरी गुणपत्रिका सारख्या नव्हेत. आपल्या विद्यापीठांतल्या गुणांची तुलना करणाऱ्यांना हे सांगायला नको.

परंतु आकड्यांवरून गाडी कळत नाही, हेही खरे. दोन्ही गाड्यांतून आम्ही फिरून आलो. काकतीच्या पुढे वंटमुरीच्या घाटापर्यंत जायचे, तिथून परतायचे आणि शेवटी गल्लीत शिरून घरासमोर उभे राहायचे, असा मार्ग मी दोघींसाठी सारखाच ठेवला. सोबत आईला घेतले, कारण गाडी घ्यायची ती तिच्यासकट सर्वांसाठी.

मर्सिडीजविषयी खोटे बोलणार नाही. दार लागले आणि बाहेरचे जग बंद झाले. महामार्गावरच्या मालमोटारींचा आवाज जणू शेजारच्या गावातून येत होता. तिच्या यंत्रणेत नऊ गिअर. एकातून दुसऱ्यात ती केव्हा गेली हे कळतही नव्हते. एक्सयूव्हीत सहा गिअर आहेत आणि चढावर त्यांची हालचाल जाणवते. जीएलसी मूळचीच मागच्या चाकांच्या बांधणीची, चारही चाकांना शक्ती देणारी. एक्सयूव्ही मुळात पुढच्या चाकांवर ओढली जाणारी आणि चौचाकी शक्ती ही तिच्या वरच्या प्रकारातली जोड. वळणावर हा फरक अंगाला कळतो. मर्सिडीज रस्त्यावर बसून वळते. महिंद्रा उभी राहून वळते. उंचीतही सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा फरक. आईचे गुडघे दुखतात. जीएलसीत ती नुसती मागे सरकून बसली. एक्सयूव्हीत चढताना तिला माझा खांदा धरावा लागला. उतरताना ती म्हणाली, "ती पहिली बरी होती रे. पाळण्यात बसल्यागत वाटत होतं."

महागड्या वस्तूत काही नसते, नुसते नाव असते, असे म्हणणारे लोक एक तर ती वस्तू वापरलेले नसतात किंवा ती परवडत नसल्याचे समाधान शोधत असतात. त्या गाडीत होते. पुष्कळ होते. प्रश्न एवढाच की, जे होते ते किती रुपयांचे होते.

आता हिशोबाकडे येऊ. विद्यार्थिमित्रांनी इथे वही काढावी.

त्या वर्षी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर होता, एकूण पन्नास. म्हणजे शोरूमच्या किमतीतला तिसरा हिस्सा केंद्र आणि राज्य यांचा. साडेचौऱ्याहत्तर लाखांत असा कर जवळजवळ पंचवीस लाख. त्यावर कर्नाटकाचा आजीवन वाहनकर : वीस लाखांवरच्या गाडीला १८ टक्के, म्हणजे १३ लाख ४१ हजार, त्यावरचा उपकर आणि विमा आणखी वेगळे. मर्सिडीज ८८ लाखांना पडली तर त्यांतले ३८ लाख नुसते करापोटी. एक्सयूव्हीच्या सुमारे साडेतीस लाखांत कराचे सव्वातेरा लाख. प्रमाण दोघींचे सारखेच. पण प्रमाण माणसाच्या खिशातून जात नाही, रुपये जातात. राज्याच्या करातला फरकच पावणेनऊ लाख. तेवढ्यात एक बऱ्यापैकी लहान मोटार दारात येते.

दोन गाड्यांतला फरक सत्तावन्न लाखांचा. हा फरक कर्जाने भरायचा तर नऊ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीत, महिन्याचा हप्ता एक लाख अठरा हजार. पाच वर्षांत एकूण फेड एकाहत्तर लाख. यातले चौदा लाख हे केवळ व्याज.

अण्णाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले होते, "फर्मच्या नावावर घ्या, सगळं खर्चात टाका, गाडी फुकट पडते." हे वाक्य व्यापारी वर्तुळात इतके फिरते की त्याचा पंचनामा करायलाच हवा. पहिली गोष्ट, धंद्यासाठी यंत्र घेतले तर त्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते. पण तेरा माणसांपर्यंत बसतील अशा प्रवासी मोटारीवरच्या जीएसटीची वजावट, गाडी भाड्याने चालवणे, विकणे अशी काही कामे सोडली, तर कायद्याने मिळत नाही. तो पैसा गेला तो गेला. दुसरी गोष्ट, आयकरात मोटारीवर वर्षाला पंधरा टक्के घसारा धरता येतो. ८८ लाखांवर तो तेरा लाखांच्या आसपास. तीस टक्के दराने कर वाचतो चार लाखांच्या घरात. त्यातही गाडी दसऱ्याला घेतली तर मार्चअखेरपर्यंत १८० दिवस भरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी घसारा निम्मा आणि वाचलेला कर दोन लाख. शंभर रुपये खर्च करून तीस रुपयांचा कर वाचवायचा आणि सत्तर रुपये गेले ते मोजायचेच नाहीत, याला 'फुकट' म्हणण्याची पद्धत आमच्या विषयात नाही.

आणखी एकाने सरहद्दीवरचा नेहमीचा सल्ला दिला. कोल्हापूरच्या पत्त्यावर नोंदवा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्केच आहेत. हिशोब केला तर सव्वादोन लाख वाचत होते. बेळगावच्या रस्त्यांवर एमएच ०९ च्या पाट्या काही कमी दिसत नाहीत, आणि त्यांतले पुष्कळजण खरोखरच तिकडचे असतात. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली की तिथे नव्याने नोंदवावी लागते. अण्णाने हा मुद्दा कलमापर्यंत जाऊच दिला नाही. "राहतोय इथं, पोट भरतोय इथं, गाडी तेवढी दुसऱ्या गावची कशाला?" एवढे म्हणून त्याने तो विषय संपवला.

असा चार पानांचा हिशोब मी त्याच्यापुढे ठेवला. अण्णाने तो चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बिडाचा धंदा करणारा माणूस, किलोचे आणि पैशांचे गणित त्याला माझ्याहून चांगले येते. कागद घडी करून खिशात ठेवत तो म्हणाला, "मास्तर, तुझा हिशोब बरोबर आहे. खरं गेटवरल्या वॉचमनला हिशोब वाचता येत नाही की."

मग त्याने सांगितले ते मला तीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. पुण्याकडच्या ज्या कंपनीला तो माल देतो तिच्या दारात त्याची जुनी बोलेरो थांबवतात. नाव, गाव, कुणाला भेटायचे, हे सारे वहीत लिहायचे, गाडी बाहेर उन्हात लावायची आणि आत निरोप जाईपर्यंत बाकावर बसायचे. त्याच वेळी काळी, चकचकीत गाडी आली की दांडा आपोआप वर जातो आणि हात कपाळाला लागतो. आत कोण बसले आहे हे कुणी विचारत नाही. "माझं कास्टिंग आत बिनचौकशी जातंय. मी बाहेर बसतोय," अण्णा म्हणाला.

या वाक्यापुढे माझे व्याजाचे कोष्टक फिके पडले. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली एका पुस्तकात दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत मांडला. माणूस पुष्कळ वस्तू वापरण्यासाठी घेत नाही, दुसऱ्याने पाहाव्यात म्हणून घेतो, असे त्याचे म्हणणे. वर्गात हा सिद्धांत शिकवताना मी श्रीमंतांची थोडी थट्टा करतो आणि मुले हसतात. पण बाकावर बसवून ठेवलेल्या माणसाला दांडा वर जायला हवा वाटणे, याला दिखाऊपणा म्हणायला माझी जीभ धजेना. तो दिखाऊपणा नव्हे; ती थकबाकी होती.

आमच्या महाविद्यालयात कन्नड विभागातले माझे एक सहकारी आहेत. त्यांच्यापाशी मी हा पेच बोललो. ते हसून म्हणाले, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." म्हणजे आपलेच 'अंथरूण पाहून पाय पसरावेत'. दोन भाषांच्या लोकांनी एकच शहाणपण जपून ठेवलेले पाहून बरे वाटले. पण अण्णाचे अंथरूण आता लांब झाले होते. पाय पुरत होते. अडचण वेगळीच होती : त्या अंथरुणावर आणखी चाळीस माणसे झोपत होती.

कारण धंद्याची नाडी अशी की, लहान उद्योगांचे बिल ४५ दिवसांत भागवावे असा २००६ चा कायदा आहे, पण अण्णाची बिले शंभर-शंभर दिवस अडकतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो आणि पगार सात तारखेला करावे लागतात. एखादा महिना ऑर्डर आटली तर एक लाख अठरा हजार कुठून काढायचे, हा प्रश्न मोटारीच्या माहितीपत्रकात नसतो. शिवाय पुतण्याचे टुमणे होते. तो इंजिनिअर होऊन वर्कशॉपमध्ये बसू लागला होता आणि त्याला व्हीएमसी यंत्र हवे होते. त्याने आणलेले दरपत्रक चाळीस लाखांच्या आतले होते. बाहेरून करून घ्यावे लागणारे मशिनिंग घरात झाले असते. दोन गाड्यांतल्या फरकात ते यंत्र बसत होते आणि वर पैसे उरत होते.

निर्णय मात्र यांपैकी कशानेही झाला नाही. तो झाला एका बावीस किलोच्या कास्टिंगने.

मर्सिडीज दाखवायला आणलेल्या दिवशी, आम्ही घाटातून परत येत असताना, अण्णाला फोन आला. एक नमुन्याचे कास्टिंग तपासणीसाठी तातडीने हवे होते. उद्यमबाग वाटेवरच म्हणून गाडी फौंड्रीकडे वळवली. पोऱ्याने कास्टिंग उचलून आणले. नुकतेच घासलेले, तेलकट, कडांना वाळू चिकटलेली. विक्रेत्याचा तरुण भला होता. त्याने स्वतः मागचे दार उघडले आणि म्हणाला, "ठेवा साहेब, खाली प्लास्टिक घालतो." मागचा तो पांढुरका, मऊ गालिचा अण्णाने पाहिला. कास्टिंग पाहिले. पोऱ्या दोन्ही हातांनी ते ओझे धरून उभा होता. अण्णा म्हणाला, "नको. टेंपोतनं पाठव."

परतीच्या वाटेवर तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपला निघताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मास्तर, ज्या गाडीत माझं कास्टिंग ठेवायला मलाच जीव झाला नाही, त्या गाडीत मी बसून काय करू? दुसरी बुक कर."

२०२३ च्या दसऱ्याला एक्सयूव्ही दारात आली. वहिनींनी ओवाळले, आईने चाकाखाली लिंबू ठेवायला लावले, पुतण्याने झेंडूची माळ बांधली. आईला चढता यावे म्हणून बाजूला पायरी बसवून घेतली. चैत्रात जोतिबाला आम्ही सातहीजण एका गाडीने गेलो. मागच्या ओळीत मी आणि माझी पत्नी. गुडघे छातीशी घेऊन बसावे लागले, हे नमूद करतो, कारण सात आसने असे छापलेले असले तरी शेवटची दोन मुलांसाठीच असतात. व्हीएमसी पुढल्या फेब्रुवारीत आली. तिच्यावर आज तीन मुले पाळीने काम करतात.

आणि गेटचे काय, असे कुणी विचारील. गेट तसेच आहे. अण्णाला अजूनही वहीत नाव लिहावे लागते. दांडा आपोआप वर जात नाही. व्हीएमसीमुळे आता तो घडीव माल देतो, माल परत येण्याचे प्रमाण घटले आहे, खरेदी खात्याचे साहेब त्याला नावाने ओळखतात. पण दाराशी बसलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. कधी कधी महामार्गावर एखादी जीएलसी आमच्या बाजूने सळकन निघून जाते. अण्णा तिच्याकडे पाहतो. मीही त्याच्याकडे न पाहिल्यासारखे करून पाहतो. मला त्या क्षणी शहाणपणा जिंकल्याचा आनंद होत नाही. त्या माणसाला ती गाडी मिळायला हवी होती, असेच मनात येते. आणि तरीही दोन्ही पाने पुन्हा समोर ठेवली तर तो पुन्हा हेच करील, हेही मला माहीत आहे.

या लेखातले दर २०२३ चे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. पन्नासाचे चाळीस झाले, त्यामुळे किमती उतरल्या. पण साधी गाडी असो वा श्रीमंती, दर दोघींना एकच राहिला, आणि म्हणून दोघींमधली दरीही प्रमाणाने तेवढीच राहिली. गाड्या बदलतील, नावे बदलतील, विजेवरच्या येतील. प्रश्न मात्र तुमच्यापुढेही कधीतरी येणार आहे.

तो आला म्हणजे कागद घ्या आणि हिशोब अवश्य करा. हप्ता, कर, घसारा, विमा, चार वर्षांनी विकायला गेलात तर हाती काय पडेल, सारे लिहा. मग गाडीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून पाहा. आणि शेवटी, तुमच्या रोजच्या कामाची जी वस्तू असेल ती, मग ते कास्टिंग असो, भाजीची पोती असोत की वह्यांचे गठ्ठे, गाडीच्या मागच्या भागात ठेवून पाहा. ती ठेवताना मन कचरले नाही, तर किंमत काहीही असो, ती गाडी तुमची आहे. उद्या एखाद्याच्या बाबतीत ती मर्सिडीजही ठरेल, आणि तसे झाले तर मी त्याला पेढे मागायला जाईन.

एक विनंती मात्र आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या कुठल्या ना कुठल्या कंपनीत साहेब होऊन बसाल. तुमच्या दाराशी आलेल्या माणसाला वहीत नाव लिहायला लावा, तो नियमच आहे. पण उन्हात बसवू नका. त्याने जुन्या बोलेरोतून आणलेल्या लोखंडावर तुमचे यंत्र चालणार आहे.